धार्मिक इतिहासावरील तुलनात्मक निबंधाची बांधणी कशी करावी: महानुभाव आणि वारकरी यांचे उदाहरण

तुलनात्मक निबंध लिहायला घेतला की पहिली चार पाने एका संप्रदायाला आणि पुढची चार दुसऱ्याला द्यायची, आणि शेवटी 'अशा प्रकारे दोहोंमध्ये साम्य व भेद आढळतात' असे लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत पदवीच्या उत्तरपत्रिकांपासून दिवाळी अंकांतील लेखांपर्यंत सर्वत्र दिसते. त्यातून वाचकाच्या हाती दोन स्वतंत्र टिपणे लागतात आणि तुलना करण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. ते काम लेखकाने करायचे असेल तर लेखणी उचलण्यापूर्वीच काही निर्णय व्हावे लागतात. हे निर्णय कोणते आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे महानुभाव आणि वारकरी या दोन संप्रदायांच्या उदाहरणाने येथे पाहू.

पहिली पायरी: समान भूमी आणि काळाची चौकट

ज्यांची तुलना करायची त्यांच्यात काही तरी सामाईक असावे लागते, नाही तर निबंध भरकटतो. आपल्या उदाहरणात ही भूमी भक्कम आहे. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, देवगिरीच्या यादवांचे राज्य, गोदावरीचे खोरे आणि मराठी भाषा या चारही गोष्टी दोन्ही संप्रदायांच्या इतिहासात येतात. महानुभाव संप्रदायाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचा वावर पैठण आणि आसपासच्या मुलखात होता; ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे झाली. म्हाइंभटाने संकलित केलेले चक्रधरांचे चरित्र, म्हणजे लीळाचरित्र, हेही याच शतकाच्या अखेरीचे मानले जाते.

मात्र काळाची चौकट आखल्यावर ती पाळली पाहिजे. तेराव्या शतकातील महानुभाव आणि सतराव्या शतकातील तुकाराम यांची तुलना करणे, ही या विषयावरील निबंधांत वारंवार आढळणारी चूक आहे. आज आपण पाहतो ती पालखी सोहळ्याची शिस्तबद्ध रचना तर हैबतबाबा आरफळकरांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. एकनाथांना किंवा तुकारामांना निबंधात आणायचेच असेल तर समोर त्या त्या काळातले महानुभाव उभे करावेत.

दुसरी पायरी: विषयाचे रूपांतर प्रश्नात करणे

'महानुभाव आणि वारकरी संप्रदाय: एक तुलना' हा मथळा झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की ज्याच्या उत्तरावर दोन जाणत्या माणसांचे मतभेद होऊ शकतील. उदाहरणार्थ, दोन्ही संप्रदायांनी एकाच काळात मराठीचा स्वीकार केला आणि दोन्हींनी स्त्रियांना व शूद्रांना जवळ केले, तरी एकाचा विस्तार महाराष्ट्राच्या घराघरांत झाला आणि दुसरा दीर्घकाळ आपल्याच मठांत आणि पोथ्यांत राहिला, असे का? या प्रश्नाचे संभाव्य उत्तर एका वाक्यात लिहून ठेवावे. ते असे असू शकेल: 'महानुभावांच्या आचारधर्माचा गाभा संन्यास हा होता आणि वारकऱ्यांचा गृहस्थाश्रम, आणि हा भेद देव, भाषा व जात यांविषयीच्या भेदांपेक्षा अधिक निर्णायक ठरला.' हे विधान खोडून काढता येण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते निबंधाला पुरेसे आहे.

तिसरी पायरी: निकष ठरवणे

आता एका कागदावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात निकष, दुसऱ्यात महानुभाव, तिसऱ्यात वारकरी. निकष पाच-सहा पुरेत. कोणत्याही निकषासमोरचा एक रकाना रिकामा राहिला तर तो निकष सरळ काढून टाकावा किंवा त्याची भाषा बदलावी.

'संस्थापक' हा निकष घेऊन पाहा. महानुभावांच्या रकान्यात चक्रधरस्वामी सहज बसतात. वारकऱ्यांच्या रकान्यात काय लिहायचे? विठ्ठलाची उपासना ज्ञानेश्वरांच्या आधीपासून चालत आलेली होती, आणि ज्ञानेश्वरांची स्वतःची गुरुपरंपरा निवृत्तिनाथांकडून नाथपंथाशी जाऊन मिळते. ज्ञानदेवांनी पाया रचला हे बहिणाबाईंच्या नावावरील प्रसिद्ध अभंगातले वर्णन सतराव्या शतकातले आहे, म्हणजे ती परंपरेने मागाहून स्वतःविषयी बाळगलेली समजूत आहे. तेव्हा 'संस्थापक' ऐवजी 'अधिकार कोणाच्या शब्दाला' असा निकष घेतला की दोन्ही रकाने भरतात: एका बाजूला चक्रधरांची वचने आणि त्यांची केशिराजबासांनी सिद्ध केलेली सूत्रे, दुसऱ्या बाजूला अनेक संतांची, अनेक जातींतून आलेली अभंगवाणी.

वरवरच्या साम्याचीही इथेच पारख होते. दोन्ही संप्रदाय कृष्णभक्त आहेत, असे एका ओळीत लिहून पुढे जाणे सोपे आहे. परंतु महानुभावांचा श्रीकृष्ण हा दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर यांच्यासह पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे परमेश्वराचा अवतार आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यांच्या मते परस्परांपासून नित्य भिन्न आहेत, आणि देवतांकडून मोक्ष मिळत नाही. वारकऱ्यांच्या दृष्टीने पंढरीचा विठ्ठल हाच कृष्ण, आणि ज्ञानेश्वरांची वैचारिक बैठक अद्वैताची, म्हणजे जीव आणि परमेश्वर मुळात एकच मानणारी. एकच नाव दोन वेगळ्या तत्त्वज्ञानांत कसे राहते, हे दाखवणारा परिच्छेद निबंधातील सर्वांत भरीव परिच्छेद होऊ शकतो.

चौथी पायरी: साधनांचे वजन करणे

धार्मिक इतिहासात पुरावा दोन्ही बाजूंना सारखा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. लीळाचरित्र हे चक्रधरांच्या आठवणींचे गद्य संकलन आहे; त्यात ठिकाणे, माणसे, खाणेपिणे, प्रश्नोत्तरे असा रोजचा तपशील भरपूर आहे. त्याची मूळ प्रत खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली आणि पुढे पाठ आठवणीतून सिद्ध झाले, असे संप्रदायाची परंपरा सांगते. वारकऱ्यांकडे त्या काळचे असे गद्य चरित्र नाही. ज्ञानेश्वरीतही पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली. नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांचे अभंग तर दीर्घकाळ गायनातून टिकले.

याचा लेखनावर थेट परिणाम होतो. 'चक्रधर म्हणाले' आणि 'जनाबाई म्हणतात' ही दोन वाक्ये सारखी दिसली तरी सारख्या पुराव्याची नाहीत. पहिल्यामागे शिष्याने नोंदवलेली आठवण आहे, दुसऱ्यामागे कवयित्रीच्या नावमुद्रेने चालत आलेले काव्य. हा फरक निबंधाच्या सुरुवातीलाच एका परिच्छेदात सांगून टाकावा, म्हणजे पुढे प्रत्येक वाक्याला पुस्ती जोडावी लागत नाही.

पाचवी पायरी: मांडणीची निवड

मांडणीचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात एका संप्रदायाचे विवेचन संपवून दुसऱ्याकडे वळतात. दुसऱ्यात एकेक निकष घेऊन त्याखाली दोन्हींचा विचार करतात. पाचशे-सहाशे शब्दांच्या उत्तरात पहिला मार्ग निभावून जातो. त्याहून मोठ्या निबंधात दुसराच स्वीकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पहिल्यात दुसऱ्या संप्रदायापर्यंत पोचेतो वाचक पहिल्याचे तपशील विसरलेला असतो. निकषांचा क्रम मात्र तुमच्या मुख्य विधानाने ठरवावा: कमी महत्त्वाचे भेद आधी थोडक्यात, निर्णायक भेद शेवटी आणि सविस्तर. सर्व निकषांना समान जागा देण्याचे बंधन कोणीही घातलेले नाही.

सहावी पायरी: एक निकष प्रत्यक्ष लिहून पाहणे

संपूर्ण निबंधाला हात घालण्यापूर्वी सर्वांत आवडलेल्या निकषावर एक परिच्छेद लिहून पाहावा. उदाहरणादाखल 'विटाळाविषयीचा विचार' हा निकष घेऊ. त्या परिच्छेदाचा कच्चा खर्डा असा होईल:

'विटाळाची कल्पना दोन्ही परंपरांनी नाकारली, परंतु नाकारण्याची वाट निराळी आहे. लीळाचरित्रात चक्रधर स्त्रियांच्या मासिक पाळीला शरीराच्या इतर द्वारांतून होणाऱ्या स्रावांच्याच पंक्तीला बसवतात आणि तिच्यात वेगळा दोष मानत नाहीत. हे गुरूने शिष्यांना दिलेले व्यवहारी उत्तर आहे, आणि त्याचा थेट उपयोग संन्यास घेतलेल्या स्त्रियांना होतो. सोयराबाईंचा "देहासी विटाळ म्हणती सकळ" हा अभंग मात्र विटाळाचा जाच भोगणाऱ्या बाजूने आला आहे. त्या चोखामेळ्यांच्या पत्नी, महार समाजातल्या. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळे कोण उरले, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो साऱ्या समाजाला उद्देशून आहे. महानुभावांनी संप्रदायात आलेल्यांपुरता नियम बदलला. वारकरी संताने नियमाच्या मुळाशीच प्रश्न लावला, पण देवळाचा दरवाजा काही त्यामुळे उघडला नाही.'

या खर्ड्यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिले वाक्य साम्य आणि भेद एकत्र सांगते. मधल्या वाक्यांत एकाच प्रश्नावरचा दोन्हींकडचा पुरावा शेजारीशेजारी येतो. अखेरचे वाक्य भेदाचा अर्थ लावते, आणि तो अर्थ आपल्या मुख्य विधानाला, म्हणजे संन्याशांचा संप्रदाय आणि गृहस्थांचा संप्रदाय या भेदाला, जाऊन मिळतो. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले होण्यास साने गुरुजींचे उपोषण आणि १९४७ साल उजाडावे लागले, ही गोष्ट येथे घालण्याचा मोह होतो. ती खरी आहे, परंतु आखलेल्या चौकटीबाहेरची आहे. फार तर एका वाक्यात तिचा उल्लेख करावा.

भाषेचा निकषही असाच लिहिता येईल. संस्कृतात बोलू पाहणाऱ्यांना चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांनी अडवले, कारण त्यामुळे साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहिल्या असत्या. ज्ञानेश्वर मराठीची पैज अमृताशी लावतात. एकाची काळजी श्रोत्याची आहे, दुसऱ्याचा अभिमान भाषेच्या सामर्थ्याचा. आणि ज्यांनी मराठीचा असा आग्रह धरला त्यांच्याच पोथ्या पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाल्या, हा मोठाच विरोधाभास म्हणावा लागेल. परंतु या लिप्या चक्रधरांच्या नंतरच्या आहेत, त्यामुळे त्यांचे कारण मूळ शिकवणीत शोधणे योग्य नव्हे.

सातवी पायरी: विरुद्ध पुराव्याला जागा देणे

तुमच्या विधानाला अडचणीत आणणारी किमान एक गोष्ट निबंधात असली पाहिजे. 'महानुभाव मठांत बंदिस्त राहिले' असे म्हणणाऱ्याने त्यांचा पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत झालेला प्रसार विचारात घ्यावा. तोही महाराष्ट्रातच राहावे असे चक्रधरांचे वचन असताना. वारकऱ्यांच्या बाजूनेही नामदेवांची पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातील घुमान त्यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे दोघेही उत्तरेला पोचले, पण एकाने तेथे आपला पंथ नेला आणि दुसऱ्याची वाणी अन्य धर्माने आपल्या ग्रंथात घेतली. अशा नोंदीमुळे मूळ विधान थोडे बदलावे लागले तर खुशाल बदलावे. ते पहिल्या खर्ड्याच्या वेळी जसे होते तसेच शेवटपर्यंत टिकणे फारसे शक्य नसते.

शेवटचा हात फिरवताना

आदरार्थी शब्द दोन्हीकडे सारखे वापरावेत. एका बाजूला 'ज्ञानेश्वर माउली' आणि दुसऱ्या बाजूला नुसते 'चक्रधर' असे लिहिले तर लेखकाचा कल चटकन उघडा पडतो. चमत्काराच्या कथांनाही एकच न्याय असावा: रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा 'श्रद्धा' म्हणून नोंदवली, तर लीळाचरित्रातील अद्भुत प्रसंगांना 'भाकडकथा' म्हणता येणार नाही. शके आणि इसवी सन यांची सरमिसळ तपासावी. शकात साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि पौष ते फाल्गुन या महिन्यांतील तिथींसाठी ७९ मिळवावे लागू शकतात. शेवटच्या वाचनात प्रत्येक परिच्छेदावर पेन्सिलीने निकषाचे नाव लिहावे. ज्या परिच्छेदावर नाव सुचत नाही किंवा दोन नावे सुचतात, तो पुन्हा लिहायला घ्यावा.