प्राण्यांच्या धर्मादाय इस्पितळातलं शस्त्रक्रियागृह : निधी कसा उभारावा

'ऑपरेशन थिएटरसाठी मदत करा' एवढ्या मोघम आवाहनाला लोक फार देत नाहीत. आधी यादी करा. कुत्र्या-मांजरांच्या साध्या थिएटरला उंची कमीजास्त होणारं स्टीलचं टेबल, सावली न पडणारा एलईडी दिवा, आयसोफ्ल्युरेनवर चालणारं भुलीचं मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नाडी-श्वास दाखवणारा मॉनिटर, कॉटरी (रक्तस्राव थांबवायला डाग देणारं यंत्र), सक्शन (रक्त ओढून घेणारा पंप) आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) लागतो. हत्यारांचे संच किमान दोन हवेत, म्हणजे एक निर्जंतुक होईपर्यंत दुसरा हाताशी राहतो. प्रत्येक वस्तूची तीन कोटेशनं घ्या. जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च त्यात धरलाय ना, ते पाहून घ्या.

गोव्यात स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि डिह्युमिडिफायर हेही यादीत हवेतच. पावसात वीज खाली-वर झाली की मॉनिटर जळतो. ऑटोक्लेव्हमधून पॅक ओला निघाला, तर १२१ अंशांवर पूर्ण वेळ ठेवलेला असला तरी तो निर्जंतुक धरत नाहीत. दमट हवेत कपाटातला साठाही बिघडतो.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो चालू खर्चात. टेबलावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, भुलीच्या मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमच्या डब्यावर कोणी लावत नाही. पण त्याचे पांढरे दाणे जांभळे पडल्यावरही बदलले नाहीत, तर जनावर स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढत राहतं. आयसोफ्ल्युरेन, टाके, हातमोजे, भुलीच्या औषधाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरची वार्षिक तपासणी, जैववैद्यकीय कचरा उचलण्याचे पैसे, हे सगळं दोन वर्षांसाठी धरा आणि यंत्राच्या किमतीत मिळवूनच आकडा सांगा. आकडा फुगलेला वाटेल, वाटू दे. छोट्या देणगीदाराला मात्र यंत्र दाखवू नका. एका नसबंदीचा औषधं-टाक्यांपासून नंतरच्या पिंजऱ्यापर्यंतचा खर्च काढा आणि तेवढेच दरमहा मागा.

देणगीदाराला आयकरातली ८०जीची सवलत देत असाल तर पॅन घेतल्याशिवाय पावती फाडू नका. ₹२,००० वरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, तेव्हा जत्रेतल्या पेटीवर यूपीआयचा कोड लावाच.

परदेशातल्या पैशाचं गोव्यात हमखास चुकतं. भारतीय पासपोर्टवरचा तारवटी (जहाजावरचा खलाशी) किंवा दुबईतला नोकरदार स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी नव्हे. तोच गोंयकार पोर्तुगीज नागरिक झालेला असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागू होतो, मग पैसे म्हापशाच्या खात्यातून रुपयांत आले तरी. संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेऊच नका. नोंदणी असली तरी ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. म्हणून मोठ्या देणगीआधी नागरिकत्व विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) जाणार असाल तर हे दाखवून द्या, की कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या सीएसआरच्या कामांत प्राणिकल्याण आहे. संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक अर्जातच द्या. कंपन्यांचं अंदाजपत्रक आर्थिक वर्षाच्या आरंभी ठरतं, त्यामुळे मार्चमध्ये गेलात तर उरलंसुरलं मिळेल. जागा भाड्याची असेल तर दीर्घ मुदतीचा करार सोबत जोडा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.

पावतीवर एक ओळ छापून घ्या : 'या वस्तूसाठी जमलेली जादा रक्कम थिएटरच्या चालू खर्चासाठी वापरली जाईल.' ती नसेल तर टेबलाचे उरलेले पैसे औषधांना वळवण्याआधी एकेका देणगीदाराची लेखी संमती घेत बसावं लागतं.