पऱ्हाटीला काडी लावू नका, रोहिणीआधी एवढं करा

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या आसपास लागतं. हाती आठ-दहा दिवस उरलेत आणि संध्याकाळी गावाबाहेर पाहावं तर चारी बाजूंनी धूर. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे ढीग, तुरीचे खुंट, धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत, सगळ्याला काडी. दरवर्षी सांगतो, यंदाही सांगतो: ज्यांचा ढीग अजून शाबूत आहे त्यांनी थांबा.

राख चांगली असते म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. ढीग जळाला त्या जागेवर पुढच्या हंगामात झाड गडद हिरवं दिसतं. तो राखेतल्या पालाशाचा (पोटॅशचा) गुण. कार्बन आणि नत्र मात्र धुरातून गेलं. ढीग जळाला त्या गोलातलं एखादं ढेकूळ फोडून पाहा, भट्टीतल्या विटेच्या तुकड्यासारखं लागतं.

माती काळी आहे म्हणजे कसदार, हा दुसरा गैरसमज. बेसाल्टपासून झालेल्या आपल्या मातीतले चिकण कण सेंद्रिय कार्बन घट्ट धरून ठेवतात. म्हणून साठवायची ताकद तिच्यात मोठी. पण आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या घरात. वावर उघडं, आणि पहिला पाऊस पडला की जिवाणू असलेला कार्बन खात सुटतात. वरून काही टाकलं नाही तर साठा घटणारच. माती तपासणीत सेंद्रिय कार्बन 0.40 टक्क्यांच्या आत आला तर तो कमी समजतात.

बुलडाणा-अकोल्याकडे पाऊस कमी, पूर्वेला गोंदिया-गडचिरोलीकडे जास्त. कमी पावसात मातीतला चुना धुऊन जात नाही, खाली पांढऱ्या खड्यांच्या रूपात साचतो. त्यातही कार्बन असतो, पण तो पिकाच्या कामाचा नाही. उलट पूर्णा नदीच्या खारपाण (खारट पाण्याच्या) पट्ट्यात चुना असा बसत गेला की मातीत सोडियमचा जोर वाढतो, आणि पाणी मुरायचं थांबतं. तिथे माती कितीही खोल असो, सोडियम हटवायला जिप्सम टाकायचं की नाही, हा निर्णय तपासणीवरूनच घ्या.

आता उताराचं. एकाच वावरात माथा बरड (उथळ, हलका) आणि खोलगट भागात भारी माती, हे घरोघरी आहे. माथ्यावरची बारीक माती आणि तिला चिकटलेला कार्बन दरवर्षी खाली वाहतो. उताराच्या दिशेने वखर-पेरणी करणारे त्याला वाटच करून देतात. ऑगस्टात पावसाचा पंधरा दिवसांचा खंड पडला की माथ्यावरचं सोयाबीन आधी माना टाकतं. मग धावाधाव फवारणीची! माझा अंदाज असा, की कुजलेलं खत थोडंच असेल तर सगळं माथ्यावर टाका. खालचा भाग दोन वर्षं तग धरेल. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हे सापडणार नाही.

कृषी केंद्रात सध्या 'कार्बन वाढवणारी' पाच किलोची पिशवी पुढे करतात. हिशेब करा. एकराच्या वरच्या सहा इंचांत सुमारे 800 टन माती. 0.1 टक्का कार्बन वाढवायचा म्हणजे 800 किलो. पाच किलोत ते कसं व्हावं? पैसे बंडीभर शेणखताला द्या.

पऱ्हाटीचं असं करा. गुलाबी बोंडअळी लपते ती किडक्या, अर्धवट फुटलेल्या बोंडांत. ती बोंडं वेचून नष्ट करा, 2017 चा बोंडअळीचा हंगाम आठवा. उरलेल्या झाडाची श्रेडरने कुट्टी करा. गावात चार जण मिळून यंत्र भाड्याने आणलं तर परवडतं. उसाच्या पाचटाला जे माप सांगतात तेच मी वापरतो: टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो कंपोस्ट कल्चर (कुजवणारे जिवाणू). थर देऊन ओलं ठेवा. पाणी नसेल तर कुट्टी तशीच वावरात पसरा. पऱ्हाटीचं लाकूड टणक, एका पावसाळ्यात सगळं कुजणार नाही. घाबरू नका.

बाकी कामं:
- वखरणी, पेरणी उताराला आडवी
- धुऱ्यावर गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड)
- कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 5 टन कुजलेलं शेणखत
- 1 जूनआधी कपाशी नाही
- सोयाबीनची उगवण घरी तपासा, 70 टक्के हवी
- सोयाबीनला रायझोबियम (नत्र धरणारं जिवाणू खत) 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी

मातीचा नमुना खत टाकायच्या आत घ्या. माथ्याचा वेगळा, खोलगटाचा वेगळा. उकिरड्याजवळची किंवा जळालेल्या गोलातली माती त्यात मिसळू देऊ नका.