बारा पायऱ्या चढताना पाय कुठे घसरतो: या चुका टाळा

गटारी उरकली की आपल्याकडे कितीतरी पिणारे श्रावण पाळतात. महिनाभर थेंब नाही. मग पारावर बसून सांगतात, "बघा, मनात आणलं तर मी सोडतो." गौरी-गणपती झाले की पुन्हा बाटली. असे सात श्रावण मीही पाळलेत.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याचा गट, आणि बारा पायऱ्या हा त्याचा दारूतून बाहेर पडण्याचा मार्ग. त्याच्या मीटिंगला पहिल्यांदा गेलो, तेव्हा पहिली पायरी ऐकूनच डोकं फिरलं. दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करायचं म्हणे! सोडायला आलो, तर हे हरायला सांगतायत. सगळ्यात महाग चूक इथेच होते. आपण बारा पायऱ्यांना शपथ समजतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ स्वतःच्या जोरावर असते. ती मोडली की मन खातं आणि ते खाणं विसरायला पुन्हा क्वार्टर लागते. पायरी म्हणते, तुझा जोर संपलाय, आता मदत घे. म्हणून तिथे 'जन्मभर पिणार नाही' असं कुणी म्हणत नाही. 'आज नाही' एवढंच.

आधी शरीराचं बघा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, भ्रम सुरू होऊ शकतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. ही थरथर प्रार्थनेने थांबत नाही. डॉक्टर लागतो, बी-१ जीवनसत्त्व लागतं, अनेकदा भरती व्हावं लागतं. मीटिंगमध्ये एखादा जुना सभासद म्हणेल, "मनाच्या गोळ्या बंद कर, तीही नशाच." ऐकू नका. सभासदाने डॉक्टर बनू नये, असं एएच्याच पुस्तिकेत छापलंय.

घरच्यांची एक चूक तर जिवावर बेतणारी: 'न कळत दारू सोडवा' छाप औषध भाजीत कालवणं. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वर दारू प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. हे औषध पिणाऱ्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे. तिथे गेलेल्या बायका-आया बाटल्या शोधत फिरणं सोडतात. माझ्या मते तो अर्धा इलाज.

देवाचा अडथळा दोन्ही बाजूंनी येतो. नास्तिक माणूस तिसऱ्या पायरीवर 'देव' शब्द ऐकून उठून जातो. पण तिथे 'आम्हाला जसा उमगला तसा देव' असं मुद्दाम लिहिलेलं आहे. काहींसाठी तो समोर बसलेला गटच असतो. वीस माणसांना जमलंय आणि मला एकट्याला जमत नाही, एवढं मानलं तरी पुरतं. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा लागते, श्रद्धेचा दाखला लागत नाही. भाविकाची चूक उलटी. त्याला वाटतं, माळ घातली, वारी केली, आता मीटिंग कशाला? तुळशीच्या माळेने कितीतरी घरं वाचली आहेत, ते मी नाकारत नाही. पण माळ घालूनही कोरड्या रागाने घर जाळणारे मी पाहिलेत. दारू गेली, माणूस तोच.

तो माणूस बदलायचं काम चौथ्या पायरीपासून सुरू होतं आणि मी तिथेच आठ महिने अडकलो. लेखी आत्मपरीक्षण करायचं होतं. मी वहीत बायको, सासरा, साहेब यांच्या चुका लिहून आणल्या. स्पॉन्सरने, म्हणजे पायऱ्या चढायला हात देणाऱ्या जुन्या सभासदाने, वही वाचली आणि शेवटी एक रकाना आखून दिला: 'यात माझा वाटा'. तो रकाना भरताना घाम फुटला. वही भरली तरी ती पाचव्या पायरीत दुसऱ्या माणसाला वाचून दाखवावी लागते. कपाटात ठेवून भागत नाही.

नववी पायरी, म्हणजे नुकसानभरपाई, काही जण पहिल्याच आठवड्यात उरकायला धावतात. रडून माफी मागतात, जुनी लफडी बायकोला सांगून मोकळे होतात. पायरीतच अट आहे: ज्याने समोरच्याला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल ते करायचं नाही. आणि उसने पैसे परत करणं हे 'सॉरी'पेक्षा कितीतरी बरं.

घसरलात तर 'सगळं वाया गेलं' म्हणून महिनाभर पीत बसू नका. एएच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब पहिली भेट झाल्यावरही एकदा प्यायलेच होते. त्यांनी पुन्हा सोडली तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापनादिन मानतात. पुढच्याच मीटिंगला जाऊन सांगायचं, बस्स.

त्याच वर्षी मे महिन्यात दुसरे संस्थापक बिल डब्ल्यू. अमेरिकेतल्या अॅक्रन गावी हॉटेलच्या लॉबीत एकटे उभे होते. धंद्याचा सौदा फसलेला, शेजारच्या बारमधून आवाज येत होते. त्यांनी फोन उचलला आणि बोलायला दुसरा पिणारा शोधला. त्यातूनच डॉ. बॉब भेटले. आपण मात्र सभासदांचे नंबर खिशात ठेवतो आणि प्यायल्यावर फोन करतो, वरातीमागून घोडं. मीटिंगनंतर चहाला थांबा, दोन-तीन नंबर घ्या आणि तलफ नसलेल्या एखाद्या संध्याकाळी उगाच एकदा लावून बघा. पहिलाच फोन तलफेच्या वेळी करायला गेलात, तर बोट बटणापर्यंत जात नाही.