रीमॅप केलेल्या पोलोत 100 ऑक्टेन: आधी मॅप बघा, मग पंपावर जा

रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली इंधन-स्पार्कची फाइल (मॅप) बदलून, गाडी नेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आता 100चंच टाकायचं ना?" मी आधी त्यालाच विचारतो, मॅप किती ऑक्टेनचा आहे ते माहितीये का? ताकद पेट्रोल देत नाही, मॅप देतो. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल स्पार्कची ज्योत पोचायच्या आधी आपलं आपण पेटत नाही, ही सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. ती वापरून घेणारा मॅप नसेल तर पैसे वाया. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं पेट्रोल, एक्सपी100, डिसेंबर 2020मध्ये आलं तेव्हाच दिल्लीत लिटरला 160 रुपये होतं. आपल्या चाकणला बनलेली पोलो 1.0 टीएसआय कंपनीच्या मॅपवर असेल, तर तिच्यात ते भरू नका असंच मी सांगतो.

आता मॅपचा आकडा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बाहेरून आलेल्या फाइलवर "93 ऑक्टेन" लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, आपल्याकडे तर 95 मिळतं, चालून जाईल. नाही चालत. अमेरिकेतला आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मोजमापांची सरासरी असतो. आपल्या पंपावर नुसतं आरओएन लिहितात, आणि तो आकडा मोठाच येतो. अमेरिकेतलं 93 म्हणजे आपलं साधारण 97-98, तिकडचं 91 म्हणजे आपलं 95-96. फाइल देणाऱ्याकडून "आरओएन किती?" हे लेखी घ्या. त्याला उत्तर देता येत नसेल तर फाइल टाकू नका, मग तो कितीही स्वस्त देवो.

मॅप 98चा आहे असं धरू. पोलोची टाकी 45 लिटरची. आत 10 लिटर 91चं उरलंय आणि वर 35 लिटर 100चं भरलं, तर मिश्रण बरोबर 98च्या आसपास येतं. 20 लिटर शिल्लक असताना 25 लिटर भरलं तर 96. हिशोब सरळ सरासरीचा आहे, मोबाइलवर होतो. म्हणून पहिल्यांदा भरताना टाकी जवळपास रिकामी करून जा. 20 टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आता 95 झालंय असं सरकार सांगतं. मी हिशोबात तरीही 91च धरतो. चुकलं तर गाडीच्या बाजूने चुकावं.

इथेनॉलचा दुसरा मुद्दा लोक विसरतात. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात पडणारे ठोके, रोखायला ते चांगलं आहे, पण त्याच कामाला जास्त इंधन लागतं. 20 टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 8 टक्के जास्त ओतावं लागतं. रीमॅपने इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप आधीच कडेला आणून ठेवलेले असतील, तर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब, कमी पडतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरी बघता येतं: खुणा असलेल्या काचेच्या नळीत 10 मिली पाणी, 90 मिली पेट्रोल, बूच लावून हलवा, थांबा. खालचा थर 10च्या वर जितका चढला, तितकं साधारण इथेनॉल. हे अंगणात करा, स्वयंपाकघरात नको.

भरून झालं की लॉग, म्हणजे इंजिनच्या आकड्यांची नोंद, काढा. हे टाळू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून, नॉकिंग टाळायला तिन्ही सिलिंडरचं स्पार्क टायमिंग किती मागे ओढलं जातंय ते बघायचं. तिसरा गिअर, 2000 आरपीएमपासून फुल थ्रॉटल, आणि तेही डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर नाही. एखाद्या सिलिंडरला क्षणभर दोन-तीन अंश मागे गेलं तर मी काळजी करत नाही. तिन्ही एकदम पाच-सहा अंश मागे असतील तर पेट्रोल तरी खोटं आहे, नाहीतर मॅप हावरट आहे. आणि डिसेंबरातल्या पहाटेचा लॉग दाखवून मला पटवू नका. एप्रिलच्या दुपारी, ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर तापलेला असताना काय दिसतं, ते घेऊन या.

एक गोष्ट 100 ऑक्टेनही वाचवणार नाही. लहान टर्बो इंजिनात सहाव्या गिअरला 1500 आरपीएमवर पाय खाली दाबला, तर नॉकिंगच्याही आधी, स्पार्क पडायच्या आतच स्फोट होऊ शकतो. पिस्टनची रिंगलँड, म्हणजे दोन रिंगांमधली कड, तुटते. खंबाटकी चढताना गिअर खाली घ्या, कंटाळा करू नका. इंजिन ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलाय का तेही बघा, त्या दर्जाची यासाठीच वेगळी चाचणी होते.

पुण्यात-मुंबईत 100 मिळतं. कोकणात उतरलात की मिळेलच असं नाही. म्हणून ट्यूनरकडून दोन मॅप घेऊन ठेवा, एक 98चा, एक 91चा, आणि निघायच्या आदल्या दिवशी खालचा टाका. वाटेतच अडकलात तर अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका. "नॉक सेन्सर आहे ना" म्हणून रेटू नका. सेन्सर ठोका पडल्यावर ऐकतो, पडायच्या आधी नाही.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर "30 पॉइंट" वाचून 91चं 121 होईल असं समजणारे भेटतात. दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन, म्हणजे झाले 94, तेही बाटलीवर लिहिलेल्या लिटरातच. त्यातल्या काहींत मँगनीजचं संयुग असतं. ते प्लगच्या पोर्सलीनवर विटकरी थर धरतं आणि पुढे मिसफायर सुरू होतो. तसा प्लग दिसला तर आधी बूस्टर बंद करा, प्लग बदला, आणि मगच मॅपला शिव्या द्या.