पायथॉन प्रोग्राम बंद होताना मागचे थ्रेड कसे आवरावेत

मुख्य काम संपलं, शेवटची ओळ छापून झाली, तरी टर्मिनलचा प्रॉम्प्ट काही परत येत नाही. किंवा याच्या उलट: प्रोग्राम चटकन बंद होतो, पण लॉगच्या शेवटच्या ओळी फाइलपर्यंत पोचलेल्याच नसतात. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं. मागे चालणाऱ्या थ्रेडला, म्हणजे मुख्य कामासोबत समांतर चालणाऱ्या धाग्याला, ‘आता थांब’ हे कुणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगायला उशीर झालेला असतो. पुढचं सगळं सीपायथॉनला, म्हणजे बहुतेक जण वापरतात त्याच पायथॉनला धरून आहे.

पायरी १: आधी बंद होण्याचा क्रम समजून घ्या

मुख्य थ्रेड संपला, मग तो सिस.एक्झिटने का संपेना, की इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथॉन, सगळ्यात आधी साध्या, म्हणजे डीमन नसलेल्या थ्रेडची वाट पाहतो. या थांबण्याला टाइमआउट नाही. ते सगळे संपले की ॲटएक्झिटमध्ये, म्हणजे बंद होताना चालवायच्या फंक्शनच्या यादीत, नोंदवलेली फंक्शन चालतात. जे शेवटी नोंदवलं ते आधी. मॉड्यूल मोडायला घेतली जातात ती त्यानंतर.

डीमन अशी खूण लावलेल्या थ्रेडसाठी मात्र कुणी थांबत नाही. शेवटच्या टप्प्यात अशा थ्रेडने जीआयएल, म्हणजे पायथॉन कोड चालवायला लागणारं लॉक, मागितला, तर पायथॉन ३.१३ पर्यंत तो तिथल्या तिथे संपवला जायचा, ३.१४ पासून प्रोसेस संपेपर्यंत त्याला तसाच लटकवून ठेवतात. दोन्ही प्रकारांत त्याचा फायनली ब्लॉक चालत नाही. अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. असा थ्रेड प्रिंट करता करता गोठला आणि आउटपुटच्या बफरचं लॉक त्याच्याकडेच राहिलं, तर अख्खा प्रोग्राम ‘फेटल पायथॉन एरर’ देऊन कोसळू शकतो. ‘डीमन करून टाका, प्रश्न मिटला’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

आता या क्रमातली खरी मेख. थांबण्याची सूचना ॲटएक्झिटमधून द्यावी, असं कुणालाही सहज सुचतं. थ्रेड साधा असेल तर ती हमखास कोंडी होते. इंटरप्रिटर थ्रेड संपायची वाट पाहत असतो, थ्रेड सूचनेची वाट पाहत असतो, आणि सूचना देणारं फंक्शन तर थ्रेड संपल्यावरच चालणार असतं. कोड कितीही वेळा वाचला तरी त्यात चूक दिसत नाही, कारण प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर असते. क्रम तेवढा उलटा असतो.

पायरी २: थ्रेडला थांबता येईल असं लिहा

पायथॉनमध्ये थ्रेडला बाहेरून मारून टाकणारी मेथड नाही. थ्रेडने स्वतःच थांबायला हवं, आणि त्यासाठी थ्रेडिंग.इव्हेंट, म्हणजे एका थ्रेडने सेट करायची आणि दुसऱ्याने बघायची खूण, पुरेसा आहे. लूपची अट ‘इव्हेंट सेट झालेला नाही तोवर’ अशी ठेवा. दोन फेऱ्यांमध्ये ३० सेकंद थांबायचं असेल तर टाइम.स्लीप वापरू नका, इव्हेंटच्या वेट मेथडला ३० द्या. सूचना आली की वेट लगेच परत येतो. स्लीप पुरते ३० सेकंद झोपून राहतो.

थ्रेड क्यूवर, म्हणजे कामांच्या रांगेवर, अडून बसलेला असेल तर इव्हेंटचा उपयोग नाही, कारण तो इव्हेंटकडे बघतच नसतो. क्यूमध्ये शेवटी ‘नन’, म्हणजे पायथॉनचं रिकामं मूल्य, टाका आणि ते हाती आलं की लूप सोडायला सांगा. चार वर्कर असतील तर चार ‘नन’ टाकावे लागतात. एकच टाकला तर एक सुटतो आणि तिघे बसून राहतात. ३.१३ पासून क्यूलाच शटडाउन मेथड आली आहे, ती असेल तर ही कसरत नको. सॉकेटवर वाचणाऱ्या थ्रेडसाठी सॉकेटला टाइमआउट लावा आणि प्रत्येक वेळी इव्हेंट तपासा.

पायरी ३: सूचना मुख्य थ्रेड संपण्याआधी द्या

मुख्य फंक्शनचं सगळं काम ट्रायमध्ये घ्या. फायनलीमध्ये इव्हेंट सेट करा आणि मग टाइमआउट देऊन जॉइन करा, म्हणजे थ्रेड संपायची वाट पाहा. जॉइन नेहमी ‘नन’च परत करतो, थ्रेड संपला असो वा नसो. त्यामुळे लगेच इज_अलाइव्ह तपासा, आणि थ्रेड अजून जिवंत असेल तर त्याचं नाव लॉग करा. काम तयार करणारे थ्रेड आधी थांबवा, ते उचलणारे नंतर, नाहीतर क्यूत काम तसंच पडून राहतं.

थ्रेडपूलएक्झिक्युटर, म्हणजे वर्कर थ्रेडचा तयार गट, वापरत असाल तर विथ ब्लॉक पुरतो. ३.९ पासून त्याचे वर्कर डीमन नाहीत, आणि रांगेत उरलेलं काम सोडून द्यायचं असेल तर शटडाउनला कॅन्सल_फ्यूचर्स देता येतं.

पायरी ४: मुख्य फंक्शन तुमच्या हातात नसेल तर

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर वापरणाऱ्याच्या ट्राय-फायनलीवर तुमचा ताबा नसतो. इथे थ्रेड डीमन ठेवा आणि ॲटएक्झिटमध्ये असं फंक्शन नोंदवा, जे इव्हेंट सेट करून ठरावीक टाइमआउटपर्यंत जॉइन करेल. डीमन थ्रेडसाठी इंटरप्रिटर आधी अडून बसत नाही, म्हणून इथे वरची कोंडी होत नाही. आणि ॲटएक्झिट चालतं तेव्हा डीमन थ्रेड अजून धडधाकट असतो, त्यामुळे त्याला उरलेला बफर लिहून काढायला वेळ मिळतो.

हेच काम ऑब्जेक्टच्या डेल मेथडमध्ये, म्हणजे तो नष्ट होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, करू नका. ती कधी चालेल याची खात्री नसते, आणि फार उशिरा चालली तर ३.१३ पर्यंत जॉइन कायमचा अडकू शकतो, ३.१४ पासून त्यावर एरर येऊ शकते. या वेळी नवा थ्रेड सुरू करायचाही प्रयत्न नको; ३.१२ पासून बंद होण्याच्या काळात त्यावर एररच येते.

पायरी ५: सिगटर्म पकडा

कंट्रोल-सी दाबल्यावर कीबोर्डइंटरप्ट येतो आणि फायनली चालतो. सिगटर्मचं, म्हणजे प्रोसेसला ‘बंद हो’ सांगणाऱ्या सिग्नलचं, तसं नाही. हँडलर लावला नसेल तर प्रोसेस जागीच मरते. फायनलीही नाही, ॲटएक्झिटही नाही. म्हणून सिग्नल मॉड्यूलने सिगटर्मला हँडलर जोडा आणि त्यात फक्त सिस.एक्झिट बोलवा. पायथॉनचे हँडलर मुख्य थ्रेडमध्येच चालतात, त्यामुळे पुढचं पायरी ३ मधलं फायनली सांभाळतं. लिनक्स कंटेनर थांबवताना तो चालवणारा डॉकर सिगटर्मनंतर साधारण १० सेकंद थांबतो, अनेक कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीस ३०. मग सक्तीने मारणारा सिगकिल येतो आणि तो पकडता येत नाही. सगळ्या जॉइनच्या टाइमआउटची बेरीज या मुदतीत बसवा.

एवढं करूनही प्रोग्राम अडकला, तर मुख्य फंक्शनच्या अगदी शेवटी फॉल्टहँडलर मॉड्यूलचं डम्प_ट्रेसबॅक_लेटर फंक्शन १० सेकंदांवर लावा. तेवढ्यात प्रोग्राम बंद झाला नाही तर प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर आहे ते छापलं जातं. अडकलेल्या थ्रेडची ओळ बहुधा क्यूच्या गेटवर, सॉकेटच्या रिसीव्हवर किंवा कुठेतरी राहून गेलेल्या टाइम.स्लीपवर सापडते.