ट्रकच्या स्टील रिमला क्रॅक गेलाय का ते घरच्या घरी कसं बघायचं

दुकानदार हल्ली बिनधास्त सांगतात, हायटेन्साइल (जास्त ताकदीच्या स्टीलची) रिम आहे, काय होत नाय. अहो पण त्या स्टीलचा मेन फायदा काय तर पत्रा पातळ ठेवता येतो, वजन कमी होतं, आणि पत्रा पातळ म्हणजे त्याच लोडला ताण जास्त. लॅबमध्ये पॉलिश केलेला नमुना टेन्साइलच्या (ज्या ताणाला स्टील एका ओढीत तुटतं त्याच्या) साधारण निम्म्या येत्या-जात्या ताणाला टिकतो, म्हणजे ६०० मेगापास्कल (ताणाचं माप) टेन्साइलच्या ड्युअल फेज स्टीलला (हायटेन्साइलचाच एक प्रकार) ३०० च्या आसपास, पण वेल्डिंगच्या कडेला साधं स्टील काय नि भारी काय, फटीगला, म्हणजे परत परत ताण येऊन क्रॅक जाण्याला, जवळपास सारखंच. त्यात १०.०० आर २० टायरचा घेर सव्वातीन मीटर धरा, किलोमीटरला ३०० फेरे, लाख किलोमीटरला तीन कोटी, आणि दर फेऱ्याला रिमवर ताण येतो-जातो.

तर बघायचं कसं. चाक सोडायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, जोडचाक असेल तर दोन्हीची, यात आळस अजिबात नको, रिमला क्रॅक असेल तर नट सैल करतानाच ती फुटून अंगावर येऊ शकते. टायर काढला की तार ब्रशने माती-गंज साफ करा. मग तीन जागा: स्टड होलच्या (चाकाचे बोल्ट जातात त्या होलच्या) भोवती, हवेच्या मोठ्या होलची कड (पंचिंगचा बर, म्हणजे होल पाडताना उरलेली खरबरीत धार, राहिला असेल तर तिथूनच सुरुवात होते), आणि डिस्क (चाकाची मधली ताटली) नि रिमचं वेल्डिंग. नटापासून गंजाचा ओघळ दिसला तर नट सैल चाललाय समजा, होल लांबट झालंय का बघा.

डोळ्याला शंका आली तर डाय पेनिट्रंटचा सेट (क्लीनर, क्रॅकमध्ये शिरणारा लाल रंग आणि तो बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर) आणा. जागा क्लीनरने पुसून कोरडी करा, लाल स्प्रे मारा, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, डायरेक्ट रिमवर मारला तर क्रॅकमधला लालही धुऊन जातो. वरून पांढरा डेव्हलपर. क्रॅक असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते.

रेघ आली की रिम बाद. गॅरेजवाला म्हणेल वेल्ड मारून देतो, मारू देऊ नका, वेल्डच्या शेजारी नवीन क्रॅक जातो. गॅसने कापूनच भंगारात द्या, नाहीतर कुणीतरी परत गाडीला चढवतं.

चांगल्या रिमला हबला टेकणाऱ्या भागावर रंगाचे थर चढवू नका, रंग दबला की नट सैल होतात. नट समोरासमोर आवळा, टॉर्क पान्याने, आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत एकदा.