गाजर गवतावर भुंगे सोडताय? मग या चुका टाळा

"दादा, भुंगे सोडले होते पण आता एकही दिसत नाही, सगळे मेले वाटतं." असे फोन मला दरवर्षी येतात आणि मी आधी एकच विचारतो, कधी सोडले? उत्तर बहुतेक वेळा "दिवाळीनंतर" असं असतं, कारण तेव्हा खरिपाची कामं उरकलेली असतात, हात जरा मोकळा असतो, आणि बांधावरचं काँग्रेस, म्हणजे गाजर गवत, फुलून पांढरं झालेलं डोळ्यात खुपायला लागतं. इथंच सगळं गणित चुकतं. गाजर गवत खाणारा हा मेक्सिकन भुंगा पावसाळ्याचा जीव आहे. जून-जुलैत पाऊस स्थिरावला की जमिनीतून वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात त्याची संख्या भरते, आणि थंडी सुरू झाली की बहुतेक भुंगे मातीत शिरून झोपतात ते थेट पुढच्या पावसापर्यंत.

मी स्वतः ही चूक केलीय. पहिल्या वर्षी एका मित्राकडून भुंगे आणले आणि नोव्हेंबरात बांधावर सोडले, पंधरा दिवसांत सगळे गायब. मला वाटलं संपला विषय, म्हणून मार्चमध्ये जेसीबी लावून तो बांध खरडून घेतला. नंतर कळलं की ते मेले नव्हते, तिथंच मातीत झोपले होते आणि मीच त्यांना उकरून टाकलं. आजही वाईट वाटतं, कारण त्यांनी जूनमध्ये वर येऊन फुकटात काम केलं असतं.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. गाजर गवत, काँग्रेस, चटक चांदणी, नावं वेगवेगळी पण झाड एकच, मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्याकडे ते पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं आणि तिथून देशभर पसरलं. एक झाड हजारोंनी बी टाकतं, अंगाला खाज, त्वचेचे आजार, दमा हे सगळं वेगळंच. परदेशातून आलं तेव्हा त्याला खाणारे किडे मात्र तिकडेच राहिले, म्हणून इथं त्याला कोणी हात लावणारं नव्हतं. मग बंगळूरच्या फळबाग संशोधन संस्थेने त्याच्याच गावचा भुंगा मेक्सिकोतून मागवला, तो आधी वेगवेगळ्या पिकांवर तपासून पाहिला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा, आपण मेक्सिकन भुंगाच म्हणू.

दुसरी चूक म्हणजे ओळखण्यातली. मागे एकाने मला कौतुकाने बाटली आणून दाखवली तर आत काकडी-भोपळ्यावरचे तांबडे भुंगेरे, ते तर आपलं पीक खाणारे! मेक्सिकन भुंगा साधारण अर्ध्या सेंटीमीटरहून किंचित मोठा, पाठ दुधाळ-पिवळट आणि तिच्यावर गडद तपकिरी वाकड्यातिकड्या उभ्या रेघा, डोकं आणि मान तपकिरी. सकाळी दव असताना झाडाचा शेंडा हळूच वाकवून बघा, कोवळ्या पानांच्या बेचक्यात दोन-तीन बसलेले सापडतात, आणि बोट लागलं की पाय आखडून टपकन खाली पडतात. अंडी पानाच्या खालच्या बाजूला, फिकट पिवळी, डोळ्यांना सहज दिसतात. अळी बारीक असते तेव्हा शेंड्यातच शिरून बसते आणि फुलाची कळी धरायच्या आधीच डिरी खाऊन टाकते, खरं काम इथंच होतं. मोठी झाली की पानांवर येते आणि शेवटी मातीत जाऊन कोष करते. अंड्यापासून भुंग्यापर्यंत पावसाळ्यात साधारण महिना लागतो, म्हणजे जुलैत सोडलात तर थंडीच्या आत दोन-तीन पिढ्या आरामात होतात.

आता सोडायची पद्धत. लोक काय करतात, पन्नास-साठ भुंगे आणतात आणि पाच एकरात चार इथं चार तिथं असे वाटून टाकतात, सगळीकडे काम व्हावं म्हणून. होतं उलटंच, नर-मादी एकमेकांना सापडत नाहीत आणि कुठंच वस्ती बसत नाही. एकाच दाट पट्ट्यात सगळे सोडा, पाचशे ते हजार मिळाले तर उत्तम, कमी असतील तर जागा आणखी लहान धरा पण फाकवू नका. पुढं ते स्वतःच पसरतात. आणि आणताना झाकण घट्ट लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून आणू नका हो, घामेजून मरतात. खोक्याला भोकं पाडायची किंवा तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं, आत गाजर गवताचे ताजे शेंडे टाकायचे, आणि त्याच दिवशी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर सोडायचे.

सगळ्यात जास्त भुंगे कशाने मरत असतील तर ते आपल्याच फवारणीने. कापसावर नाहीतर सोयाबीनवर कीटकनाशक मारलं, वारा बांधाकडचा होता, झालं. म्हणून सोडायची जागा पिकापासून लांब निवडा, पडीक रान, गावठाणाची कड, ओढ्याचा काठ, जिथं पंप जात नाही आणि नांगरही लागत नाही. तणनाशकाचं पण तेच. एकीकडे भुंगे सोडायचे आणि आठवड्याने त्याच पट्ट्यावर तणनाशक मारायचं, मग ते खाणार काय? ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेत सगळं उपटून टाकतात तेव्हाही हेच होतं. भुंग्यांचा पट्टा ठरवा, चार काठ्या रोवा, गावात सांगून ठेवा की एवढं पावसाळा संपेपर्यंत कोणी उपटू नका. बाकी शेतातलं खुशाल उपटा, पण फुलायच्या आधी आणि हातमोजे घालून.

"सूर्यफुलावर जातो म्हणे" ही भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही, तर त्याचंही सांगतो. १९९० नंतर कर्नाटकात सूर्यफुलावर हे भुंगे दिसले होते, बराच गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली. तपासात असं दिसलं की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा त्यामुळे तिथं कुरतडतो, पण त्या पिकावर त्याचा संसार काही चालत नाही. तुमच्या सूर्यफुलावर भुंगा दिसला तर घाबरून औषध मारू नका, कडेचं गाजर गवत आधी काढा.

पण म्हणून कुठलाही किडा कुठल्याही तणावर सोडायचा असा अर्थ नाही, आणि इथं मला थोडं लांबचं सांगावंच लागेल. साल्व्हिनिया नावाचं पाण्यावर तरंगणारं तण आहे, केरळात त्याला आफ्रिकन पायल म्हणतात, भातखाचरं आणि कालवे भरून टाकायचं. आफ्रिकेत त्याच्यावर सोंडे (पुढे सोंड असलेले बारीक भुंगे) सोडले आणि ते निकामी ठरले, कारण तणाची ओळखच चुकली होती, दुसऱ्याच जातीचं समजून तिच्यावरचा किडा आणला होता. १९७२ मध्ये ती वेगळी जात असल्याचं ठरलं, मग तिचं खरं घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं, आणि तिथला सोंडा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूंडारा तलावात सोडला तर वर्ष-सव्वा वर्षात तलाव मोकळा! पुढं कळलं की तो सोंडा पण वेगळीच जात होती, आधीच्यासारखाच दिसणारा. तोच १९८३ च्या सुमारास आपल्याकडे आला आणि केरळात फार चांगलं काम केलं. दोन किडे दिसायला सारखे, पण एकाने काही फरक पडत नाही आणि दुसरा तलाव साफ करतो, म्हणून नुसता फोटो बघून किडा उचलायचा नाही. परदेशातून तर परवानगीशिवाय अजिबात आणायचा नाही. घाणेरीवरचा एक ढेकणाच्या जातीचा किडा १९४१ मध्ये आपल्या देशात आणला, तपासणीत तो सागाच्या फुलांवर पण चरायला लागला, तेव्हा त्याला सोडायचं नाही असं ठरलं, तरी तो निसटलाच. निसटलेला किडा परत डबीत भरता येत नाही.

जलपर्णीवर पण सोंडे आहेत आणि त्यांची अळी देठ पोखरते, कोष मात्र पाण्यातल्या मुळांवर असतो. मशीनने सगळी जलपर्णी एकदम काठावर ओढली की किडेही उन्हात वाळून जातात, आणि उरलेल्या चार रोपांपासून पुन्हा सगळा तलाव भरतो. मशीन लावायचंच असेल तर एका कोपऱ्यातली जलपर्णी किड्यांसकट राखून ठेवा.

आणि धीर धरा. पहिल्या वर्षी चार-दोन झाडांची पानं चाळणीसारखी दिसतील, बाकी रान हिरवंगारच. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तेच झाड नुसता काटक्यांचा सांगाडा होऊन उभं राहतं, फूल नाही की बी नाही. तरी जमिनीत जुनं बी पडलेलं असतंच, ते उगवत राहणार. शिवाय ओलिताच्या रानात हिवाळ्यात गाजर गवत वाढतं तेव्हा भुंगा झोपलेला असतो, ते चार महिने आपल्या खुरप्याचे. भुंग्याने जागा मोकळी केली की तिथं टाकळ्याचं बी फेका, नाहीतर पहिल्या सरीला परत काँग्रेसच उगवतं.

भुंगे कुठं मिळतील हे सगळे विचारतात. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय देतं, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारून बघा. पण त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्याच तालुक्याच्या रस्त्याकडेला एक चक्कर मारा, पानं कुरतडलेलं गाजर गवत दिसलं की थांबा आणि शेंडे वाकवून बघा. माझे आत्ताचे सगळे भुंगे असेच रस्त्याकडेचे आहेत, दोन सकाळी पोरांना घेऊन गेलो आणि चारशेच्या वर जमवले.